लशीचा न मोजलेला परिणाम



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते बालरोगतज्ज्ञ होते. तेव्हा विषय लशीचा घ्यावा हे ओघानंच आलं. पण लशीमुळे देवी गेली, पोलिओ हटला, ही कथा तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे आणि ती मी पुन्हा सांगणार नाही. मी बोलणार आहे तो लशीचा असा परिणाम, ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती आणि म्हणून जो बराच काळ कुणी मोजलाही नाही. क्षयाची लस टोचली, तर क्षयाशी काडीचाही संबंध नसलेल्या पेशींमध्ये काय घडतं?

स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला नॉरबॉटन नावाचा प्रांत आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे क्षयाचा कहर होता. १९२७पासून तिथल्या नवजात बाळांना बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, द्यायला सुरुवात झाली. त्या काळी ही लस टोचत नसत, तोंडावाटे पाजत. हे काम पाहणारे डॉक्टर कार्ल नेसलुंड यांनी काही वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा लस घेतलेल्या बाळांमधलं पहिल्या वर्षातलं मृत्यूचं प्रमाण लस न घेतलेल्यांच्या जेमतेम एक तृतीयांश निघालं. दुसरा एखादा असता तर लशीचा जयजयकार करून मोकळा झाला असता. नेसलुंड मात्र अडखळले. इतकी बाळं मुळात क्षयानं दगावतच नव्हती! मग जी वाचली, ती कशापासून वाचली? बीसीजीमुळे कुठल्याही एका रोगापुरती नसलेली, सर्वसाधारण अशी प्रतिकारशक्ती जागी होत असावी, असा तर्क त्यांनी १९३२मध्ये सावधपणे लिहून ठेवला.

यावर आक्षेप उघड आहे. लस द्यायला तयार होणारे आईबाप बाळाची इतर काळजीही जास्त घेत असतील. फरक लशीचा नसून घराचा असेल. आक्षेप रास्त होता. पण तो तपासून पाहण्याऐवजी नेसलुंड यांचं निरीक्षणच कित्येक दशकं बाजूला पडलं. कारण ते सिद्धांतात बसत नव्हतं.

तो सिद्धांत थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तात टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येकीच्या अंगावर एकाच घडणीचा ग्राहक असतो. शरीरात एखादा जंतू आला, की ज्यांचा ग्राहक त्याच्याशी जुळतो त्याच पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, आणि जंतू गेल्यावरही त्यांतल्या काही स्मृतिपेशी म्हणून उरतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७मध्ये हे मांडलं आणि आजही ते खरं आहे. लस म्हणजे या निवडीला दिलेली आगाऊ सूचना. या चित्रात गोवराची लस गोवराच्या पेशींना शिकवते आणि बाकीच्या अब्जावधी पेशींना तिची वार्ताही नसते. राहिल्या मोनोसाइट, मॅक्रोफेज, ‘नॅचरल किलर’ वगैरे पेशी, म्हणजे आपली जन्मजात प्रतिकारशक्ती. त्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकं एकच वाक्य लिहीत: त्यांना स्मृती नसते. मीही विद्यार्थ्यांना हेच वाक्य वर्षानुवर्षं शिकवलं.

त्याला तडा गेला तो नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात. तिथे मिहाई नेटेआ या मूळच्या रुमानियन डॉक्टरांची प्रयोगशाळा आहे. २०१०च्या आसपास त्यांच्या गटातल्या योहानेके क्लाइनेनहाउस यांनी निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी दिली आणि लशीच्या आधी व नंतर त्यांचं रक्त घेतलं. रक्तातल्या पेशींसमोर क्षयाचे मृत जंतू ठेवायचे आणि पेशी किती संदेशरसायनं सोडतात ते मोजायचं, असा साधा बेत. तुलनेसाठी काही पेशींसमोर कॅन्डिडा ही बुरशीही ठेवली होती. क्षयाला प्रतिसाद वाढेल, बुरशीला होता तेवढाच राहील आणि तुलना पुरी होईल, एवढीच तिची भूमिका. निकाल आला तो असा की प्रतिसाद बुरशीलाही वाढलेला. प्रयोगशाळेत अशा वेळी पहिली शंका येते ती नळ्यांची अदलाबदल झाल्याची. प्रयोग पुन्हा केला, आकडे तेच. बुरशीला आणि स्टॅफिलोकॉकस या जंतूलाही मोनोसाइट पूर्वीच्या सुमारे दुप्पट जोमानं उत्तर देत होत्या, आणि तीन महिन्यांनीही देत होत्या.

मला या हकिकतीत सगळ्यात मोलाची वाटते ती ती बुरशी. ती तिथे नसती, तर या प्रयोगातून ‘बीसीजीनं क्षयाला प्रतिसाद वाढतो’ एवढा एक निबंध निघाला असता आणि कपाटात जाऊन बसला असता.

पेशीच्या आत काय झालं होतं? बीसीजी हा जिवंत पण दुबळा केलेला जंतू. गायीला क्षय करणारा हा जंतू आल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी फ्रान्समधल्या लील शहरी १९०८पासून तेरा वर्षं पित्त लावलेल्या बटाट्यावर पुन्हापुन्हा वाढवला, २३० वेळा. तेव्हा कुठे १९२१मध्ये पॅरिसला तो पहिल्या बाळाला पाजण्याइतका निरुपद्रवी झाला. या जंतूच्या कवचाचा एक बारीक तुकडा मोनोसाइटमधल्या ‘एनओडी-टू’ नावाच्या ग्राहकाला जाणवतो. तिथून पुढे पेशीच्या जनुकांत बदल होत नाही. बदलते ती त्यांची मांडणी. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि गुंडाळलेलं जनुक सहजासहजी वाचता येत नाही. बीसीजीनंतर दाह निर्माण करणाऱ्या काही जनुकांपाशी हिस्टोनवर रासायनिक खुणा उमटतात आणि तो भाग सैल राहतो. जाड पोथीत नेमक्या पानावर मोरपीस घालून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी ते पान चटकन उघडतं, तसं काहीसं. पुढच्या वेळी आलेला पाहुणा क्षयाचाच असावा अशी अट त्यात नाही. नेटेआ आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ असं नाव दिलं.

इथे हुशार श्रोत्याच्या मनात प्रश्न यायला हवा. मोनोसाइट रक्तात जगते काही दिवस. मग तीन महिन्यांनी घेतलेल्या रक्तात त्या खुणा आल्या कुठून? ज्या पेशी लशीच्या वेळी होत्या त्या तर केव्हाच मेल्या. उत्तर हाडांच्या आत सापडलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटानं २०१८मध्ये दाखवलं, की उंदराच्या शिरेतून बीसीजी दिली तर ती अस्थिमज्जेपर्यंत पोचते आणि रक्ताच्या मूळ पेशींनाच वळण लावते. त्यांच्यापासून पुढे जन्मणाऱ्या मॅक्रोफेज पेशी क्षयाच्या जंतूंशी अधिक चांगल्या झुंजतात. त्वचेखाली दिलेल्या लशीनं उंदरात हे घडलं नाही. माणसात मात्र नेहमीसारखी कातडीत टोचलेली बीसीजीही मज्जेवर ठसा उमटवते, हे २०२०मध्ये स्वयंसेवकांच्या मज्जेचे नमुने लशीआधी आणि नव्वद दिवसांनी तपासून दिसलं. दंडावर टोचलेली लस हाडाच्या आतल्या कारखान्याचं काम बदलते, हे मला आजही वाचताना थक्क करतं.

पण हे सगळं काचेच्या नळीतलं. जिवंत माणसाला त्याचा उपयोग काय? निरोगी माणसाला मुद्दाम आजारी पाडणं नीतीत बसत नाही. म्हणून नायमेखनच्याच गटानं नामी युक्ती काढली. पीतज्वराची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो टोचला की काही दिवस रक्तात सापडतो. काहींना आधी बीसीजी, काहींना लशीविना नुसतं द्रावण दिलं, आणि महिन्याभरानं सगळ्यांना पीतज्वराची लस. बीसीजीवाल्यांच्या रक्तात विषाणू कमी सापडला. क्षयाचा जंतू कुठे आणि पीतज्वराचा विषाणू कुठे!

आता टी-पेशींकडे वळू. त्या तरी आपापल्या ठरल्या जंतूशी एकनिष्ठ असतील? स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेनं २०१३मध्ये रक्तपेढीतल्या दात्यांचं रक्त तपासलं. एचआयव्हीची बाधा कधीही न झालेल्या लोकांत एचआयव्हीचे तुकडे ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. यात नवल नाही. सर्व प्रकारचे ग्राहक आपण जन्मतःच बाळगतो. नवल पुढे आहे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्मृतिपेशी होत्या. कधीही न भेटलेल्या शत्रूची स्मृती! नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात याच पेशी होत्या, पण कोऱ्या. म्हणजे मधल्या वर्षांत त्या दुसऱ्याच कुठल्या तरी जंतूला भेटून अनुभवी झाल्या होत्या. मग या गटानं दोन स्वयंसेवकांना फ्लूची नेहमीची लस दिली. फ्लूच्या पेशी वाढल्याच. शिवाय फ्लूच्या तुकड्याशी साम्य असलेले, पण सर्वस्वी वेगळ्या जीवाणूंचे तुकडे ओळखणाऱ्या पेशीही वाढल्या.

हे होणारच होतं, असं गणित सांगतं. ऑक्सफर्डचे डॉन मेसन यांनी १९९८मध्येच हिशेब करून दाखवलं होतं, की संभाव्य प्रथिन-तुकड्यांची संख्या शरीरातल्या टी-पेशींच्या मानानं इतकी प्रचंड आहे, की एकेका ग्राहकाला लाखो वेगवेगळे तुकडे ओळखता येणं भाग आहे; नाहीतर आपण कुठल्याच संसर्गातून जगलो नसतो. आपण ‘संबंध नसलेली पेशी’ म्हणतो तेव्हा संबंध आपल्याला दिसलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आतापर्यंत मी पेशींविषयी बोललो. आता माणसांकडे येतो, आणि इथे वाट निसरडी आहे.

पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ नावाचा चिमुकला गरीब देश आहे. १९७८मध्ये पीटर आबी नावाचे डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ तिथे कुपोषणाचा अभ्यास करायला गेले आणि तिथलेच झाले. राजधानी बिसाऊच्या बांडिम वस्तीत त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक मुलाची नोंद ठेवायला सुरुवात केली: जन्म, लशी, आजार, मृत्यू. गोवराची लस आली, तेव्हा बालमृत्यू इतके घटले की गोवरानं होणारे सगळे मृत्यू वजा केले तरी हिशेब पुरा होईना. नेसलुंड यांचंच कोडं, अर्ध्या शतकानं, दुसऱ्या खंडात आणि दुसऱ्या लशीच्या बाबतीत.

गोवरापुरतं या कोड्याचं एक सरळ उत्तर आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्यांचा फडशा पाडतो. २०१९मध्ये अमेरिकी संशोधकांनी लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं; इतर रोगांविरुद्ध जमवलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तर १९०८मध्येच नोंदवलं होतं, की क्षयाच्या त्वचाचाचणीला उत्तर देणारी मुलं गोवर आल्यावर ती देईनाशी होतात. म्हणजे गोवराची लस संबंध नसलेल्या पेशींना काही शिकवत असो वा नसो, त्यांची कत्तल मात्र टाळते. आपल्याकडे ‘गोवर काय, येतो आणि जातो’ म्हणणारे अजून आहेत, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

पण आबींच्या वह्यांत दुसरंही काही होतं. नऊ महिन्यांआधी गोवराची लस नीट लागू होत नाही, म्हणून तीत विषाणूंचं प्रमाण खूप वाढवून ती सहाव्या महिन्यातच द्यावी अशी कल्पना निघाली. लस गोवराविरुद्ध उत्तम ठरली. १९८९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. आणि मग गिनी-बिसाऊ, सेनेगल, हैती इथून बातम्या आल्या: ही लस घेतलेल्या मुली, नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त दगावत होत्या. गोवरानं नव्हे, इतर आजारांनी. १९९२मध्ये ती लस मागे घेण्यात आली. गोवर हा एकच रकाना भरला असता, तर ती आजही दिली जात असती.

याच वह्यांच्या आधारे आबींनी पुढे डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशीविषयीही शंका घेतल्या. इथे मी त्यांच्यापासून अंतर राखतो. ही बहुतेक निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नव्हेत. आणि अलीकडे त्यांच्या चाचण्यांच्या मांडणीवर डॅनिश संख्याशास्त्रज्ञांनीच कडक टीका केली आहे. घटसर्पानं गळा आवळून मेलेलं मूल ज्यांनी पाहिलं आहे, ते या शंकेपोटी एकही डोस चुकवायला सांगणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४मध्ये सगळा पुरावा चाळला आणि बीसीजी व गोवराच्या लशींचा असा फायदा संभवतो, पण चांगल्या चाचण्या हव्यात, असं सांगून वेळापत्रक होतं तसंच ठेवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

मग चाचण्या झाल्या. आणि त्यांनी एकमेकींशी भांडण मांडलं. गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मताच बीसीजी दिली. तीन चाचण्या एकत्र धरता पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. युगांडातल्या एन्टेबे इथे जन्मताच लस मिळालेल्या बाळांना, ती सहा आठवड्यांनी मिळालेल्यांपेक्षा क्षयेतर संसर्ग कमी झाले. डेन्मार्कमध्ये चार हजारांहून अधिक बाळांच्या चाचणीत रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आणि आपल्याकडे? दक्षिण भारतात दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निकाल २०१९मध्ये आले: नवजात मृत्यूंवर काहीही परिणाम नाही.

असं का व्हावं? एक संशय लशीवरच आहे. काल्मेत-गेरँ यांचा जंतू देशोदेशी वाटला गेला आणि शीतशुष्क करून साठवण्याची सोय होईपर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळा वाढत, बदलत राहिला. आफ्रिकेतल्या या चाचण्यांत डॅनिश वाण होता, भारतातल्या चाचण्यांत रशियन. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट जी बीसीजी बनवते तीही रशियन वाणाचीच. नाव एक, जंतू चुलतभाऊ. दुसरा संशय आपल्या हवापाण्यावर आहे. १९६८मध्ये मद्रासजवळ चिंगलपेट जिल्ह्यात बीसीजीची प्रचंड चाचणी सुरू झाली आणि मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिनं शून्य संरक्षण दिलं. जगभर खळबळ उडाली. एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं, की उष्ण प्रदेशात माती-पाण्यातल्या क्षयसदृश जंतूंशी लोकांचा संबंध आधीच आलेला असतो, लशीला शिकवायला नवं काही उरत नाही. लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या क्षयापासून बीसीजी वाचवते, म्हणून ती आपल्या वेळापत्रकात राहिली, आणि ते बरंच झालं.

कोविडच्या काळात ही सगळी चर्चा एकदम वर्तमानपत्रांत आली. ‘बीसीजी घेतलेल्या देशांत कोविड कमी’ असे तक्ते भ्रमणध्वनीवर फिरत होते. त्यांतले बरेचसे चाचण्या कमी म्हणून रुग्ण कमी, अशा जातीचे होते. ग्रीसमध्ये रुग्णालयातून घरी जाणाऱ्या वृद्धांना बीसीजी दिली तेव्हा संसर्ग खरोखर कमी दिसले. पण ऑस्ट्रेलियातून पाच देशांत चालवलेल्या, सुमारे चार हजार आरोग्यकर्मचाऱ्यांच्या चाचणीचा निकाल २०२३मध्ये आला, तो स्पष्ट होता: कोविडपासून बचाव नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेनं साठ ते ऐंशी वयाच्या लोकांना बीसीजी दिल्यावर रक्तातली दाहाची अनेक रसायनं उतरल्याचं नोंदवलं होतं. पेशी बदलल्या, हे खरं. माणूस वाचला का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पहिल्यातून आपोआप निघत नाही.

शिवाय बदल नेहमी वरच्या दिशेनंच होतो असंही नाही. बाली पुलेंद्रन या संशोधकांच्या गटानं २०२१मध्ये फ्लूच्या साध्या लशीनंतरच्या मोनोसाइट तपासल्या. त्यांच्यात दाहाच्या जनुकांचा भाग महिनाभर उलट अधिक घट्ट मिटलेला आढळला. बर्ड फ्लूच्या लशीत एएस-०३ हे साहाय्यक द्रव्य घातलं, तेव्हा मात्र विषाणूविरोधी जनुकं सैल झाली आणि त्या पेशींनी डेंगी व झिका विषाणूंची वाढ रोखून धरली. एकाच पेशीला एक लस पेंगुळवते, दुसरी सावध करते. ‘लशीनं प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य आपण ज्या सैलपणे वापरतो, तितकं ते साधं नाही.

या सगळ्यात रुग्णाच्या निर्विवाद उपयोगाची एक जागा आहे आणि ती भलतीच आहे: मूत्राशय. कॅनडाचे अल्वारो मोरालेस यांनी १९७६मध्ये मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात बीसीजी थेट आत सोडण्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज जगभर तो रूढ आहे. क्षयाची लस कर्करोगाच्या पेशींवर प्रतिकारशक्तीला तुटून पडायला लावते, आणि याबद्दल कुणाला आता आश्चर्यही वाटत नाही.

मग भारतात यापुढे काय शोधायचं? डेन्मार्कच्या चाचणीत एक कोपरा होता. ज्या बाळांच्या आयांनी स्वतः बीसीजी घेतलेली होती, त्यांच्यात मात्र लशीनंतर रुग्णालयात जाण्याचं प्रमाण कमी दिसलं. एका चाचणीतल्या एका गटाचा आकडा. त्यावर इमला बांधू नये. पण आपल्याकडे बहुतेक तरुण आयांच्या दंडावर तो वण असतो, तरीही दक्षिणेतल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. वाण वेगळा म्हणून, की बाळं फारच अशक्त होती म्हणून, की आपल्या मातीनं आधीच शिकवलेलं असतं म्हणून? हे वेगळं काढता येईल: एकाच रुग्णालयात, पुऱ्या वजनाच्या बाळांना, चिठ्ठी टाकून रशियन किंवा डॅनिश वाण द्यायचा, आईच्या दंडाची नोंद घ्यायची, आणि मग वर्षभर क्षय सोडून बाकी सगळं मोजायचं, ताप, जुलाब, न्यूमोनिया, भरती, मृत्यू. दोन्ही वाण मान्यताप्राप्त आहेत, बीसीजी तशीही प्रत्येक बाळाला द्यायचीच असते; एकाही बाळाला लशीपासून वंचित ठेवावं लागत नाही. खर्च आहे तो वर्षभर घरोघर जाणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या वह्यांचा.